‘येते’, ‘जमते’ आणि ‘होते’ : एक मापनश्रेणी घडताना

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत मी माझ्या संशोधनाचा विषय सांगत होते. ‘स्व-कार्यक्षमता’ हा शब्द तोंडून निघाला आणि दाराशी बसलेल्या एका बाईंनी विचारले, “मोटारीची?” त्यांचा काही दोष नव्हता. आमच्याकडे कार्यक्षमता बोलली जाते ती पंपाची, ट्रॅक्टरची किंवा फार तर सरकारी खात्याची, आणि खात्याच्या बाबतीत बहुधा तिच्या अभावाचीच. ‘हे काम माझ्या हातून होईल’ अशी जी खात्री माणसाच्या मनात असते किंवा नसते, तिला हा शब्द काही केल्या चिकटत नाही. प्रबंधाच्या शीर्षकात तो राहिला, कारण एकदा मान्य झालेले शीर्षक बदलून घेणे हा स्वतंत्र उपद्व्याप आहे. गावात मात्र मी तो पुन्हा उच्चारला नाही.

माझा विषय यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या स्त्रियांचा होता. शेताच्या कोणत्या कामाबद्दल आणि कोणत्या निर्णयाबद्दल त्यांना स्वतःवर किती भरवसा वाटतो हे मोजायचे होते, आणि त्यासाठी तयार मापनश्रेणी मराठीत हाती नव्हती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली ही संकल्पना मांडली, तेव्हाच हा भरवसा कुठून येतो याचे चार झरे सांगितले होते : स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, कोणीतरी धीर देणे, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. हे चारही झरे खेड्यातल्या बाईच्या दिवसात कुठे वाहतात आणि कुठे आटतात, हे मला डोळ्यांसमोर दिसत होते. त्यामुळे श्रेणी तयार करणे म्हणजे चाळीसेक विधाने लिहून त्यांच्यापुढे पाच रकाने आखणे, दोन महिन्यांचे काम, असा माझा समज होता. त्याला तीन वर्षे लागली, आणि त्यातले पहिले चार महिने एका क्रियापदावर गेले.

सुरुवातीला मी सोपा मार्ग धरला होता. श्वार्झर आणि येरुसलेम यांची सर्वसाधारण स्व-कार्यक्षमता श्रेणी जगभर वापरली जाते. तिच्यात दहाच विधाने आहेत आणि प्रत्येकाला चार पर्याय. तिचे मराठी करायचे, दुसऱ्या कोणाकडून ते परत इंग्रजीत आणवून मूळ मजकुराशी ताडून पाहायचे, आणि पुढे जायचे, असा बेत होता. भाषांतर बरे उतरले होते. पण अडचणींना तोंड देण्याबद्दलचे एक वाक्य वाचून दाखवले की समोरून हमखास प्रश्न यायचा, “कोनती अडचन?” अळीची, की मजुराची, की सासूची, हे सांगितल्याशिवाय उत्तर द्यायला कोणी तयार नव्हते, आणि विचार केला तर त्यांचेच बरोबर होते. अशा श्रेण्या कशा तयार कराव्यात याविषयी बँडुरा यांनी २००६ साली जे मार्गदर्शन लिहिले, त्यातही हेच आहे की एकच माप सगळ्यांना लावता येत नाही, कारण हा भरवसा कामागणिक वेगळा असतो. गुळगुळीत पोळ्या करणाऱ्या बाईला बँकेच्या खिडकीपुढे घाम फुटतो, आणि याच्या उलटही घडते. भाषांतराचा बेत तिथेच सोडला.

मग मी स्वतः विधाने लिहायला बसले आणि क्रियापदात अडकले. बँडुरा यांचा आग्रह असा की प्रश्न क्षमतेचा हवा, इराद्याचा नको. ‘कराल का’ असे न विचारता ‘करू शकाल का’ असे विचारावे. पुस्तकी मराठीत ‘करू शकणे’ हे रूप तयारच आहे. पण आमच्या भागात कोणतीही बाई शेजारणीला ‘तू हे करू शकशील का’ असे विचारत नाही. ती विचारते ‘तुले येते का’, ‘तुले जमन का’, नाहीतर ‘तुह्याच्यानं व्हईन का’. मला हे तिन्ही एकाच अर्थाचे वाटत होते, आणि पहिल्या मसुद्यात मी तिन्ही आलटून पालटून वापरले होते, वाचताना कंटाळा येऊ नये म्हणून. त्यातली घोडचूक एका साठीच्या मावशींनी दाखवली. विधान डवरणीचे, म्हणजे उभ्या पिकात डवरा चालवून तण काढण्याचे, होते. त्या म्हणाल्या, “येते ना. पन आता माह्याच्यानं व्हत नाई.” थोडे थांबून त्यांनीच पुढे जोडले, “आन् जमन कसं? घरचे डवरा हाती देतीन तवा ना!”

एका कामाबद्दल एका बाईची तीन उत्तरे, आणि तिन्ही खरी. ‘येते’ म्हणजे कसब अंगी आहे. ‘होते’ म्हणजे अंगात तेवढी ताकद आणि मनात तेवढी उभारी आहे. ‘जमते’ म्हणजे सवड, साधन, घरची मर्जी आणि परिस्थिती, सगळे एका वेळी जुळून येते. मला जे मोजायचे होते ते ‘होते’च्या सर्वांत जवळ होते, पण माझ्या मसुद्यातली निम्म्याहून जास्त विधाने ‘जमेल का’ अशी होती. ती तशीच छापली असती, तर बाईच्या भरवशाऐवजी तिच्या नवऱ्याचा स्वभाव मोजला गेला असता, आणि कोष्टक तरीही देखणे दिसले असते. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक विधान ‘हे काम तुमच्याकडून होईल, याची तुम्हाला आज किती खात्री वाटते?’ या एकाच साच्यात आणले. वाचायला ते कंटाळवाणे आहे. ते तसेच असावे.

घरच्या मर्जीचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटला नाही. ‘घरून कोणी अडवणार नाही असे समजा’ अशी सूचना वर लिहून पाहिली, तर पहिल्याच गटात हशा पिकला. असे समजणे त्यांना विनोदी वाटत होते. शेवटी अडथळा वगळण्याचा नाद सोडून मी त्याचीच पायरी केली. बँडुरा यांचे म्हणणेही असेच आहे की सोप्या कामाबद्दल विचारले तर सगळेच पूर्ण खात्री सांगतात, म्हणून विधानांमध्ये अडचणींची चढण असायला हवी. शेतात कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारा सापळा, लावणे हे विधान अगदीच सपाट निघाले होते, सगळ्यांची पूर्ण खात्री. ते पुढे असे चढत गेले : सापळ्यात सलग तीन रात्री किती पतंग सापडले ते मोजून ठेवणे, आठ किंवा अधिक पतंग रोज सापडत असतील तर फवारणीची वेळ आली असे स्वतः ठरवणे, आणि घरातल्यांना ते पटत नसताना आकडे दाखवून पटवणे. सापळा तोच, पण शेवटच्या पायरीपाशी उत्तरे विखुरली, आणि विखुरलेल्या उत्तरांशिवाय मोजण्यासारखे काही नसते.

आता उत्तर कसे घ्यायचे, हा प्रश्न. लिकर्ट यांच्या १९३२ च्या पद्धतीची पाच खाने, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत, ही आमच्याकडे संशोधनाची जणू गणपतिपूजा आहे, ती केल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. मीही केली. “आता तुमी लिहून आनलं म्हंजे खरंच असन ना, बाई,” असे म्हणून एका आजींनी एका मागून एक सगळ्या विधानांना सहमती देऊन टाकली. छापील वाक्याशी असहमत होणे म्हणजे घरी आलेल्या पाहुणीचा शब्द मोडणे. शिवाय मी कुठल्यातरी योजनेची यादी करायला आले आहे, असा समज सगळीकडे होताच, आणि यादीत नाव लागायचे असेल तर ‘नाही’ कोण म्हणेल?

नंतर शंभरपैकी किती, असे विचारून पाहिले. शाळा शिकलेल्या सुना पटकन आकडा सांगत. थोरल्या बाया मुलांच्या गुणपत्रिकेसारखे ‘पासापुरते लिहा’ म्हणत. एका बाईंनी मात्र सरळ सांगितले, “बारा आने व्हईन.” मी चमकले. १९५७ साली दशमान नाणी आली, पिकाच्या आणेवारीला सरकारदरबारी पैसेवारी म्हणू लागले, तरी ओसरीवर पीक अजून आण्यांतच मोजले जाते, आणि सोळा आणे म्हणजे पुरेपूर हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आठवडाभर मी सोळा घरांच्या श्रेणीचे स्वप्न पाहिले. पण तिशीच्या आतल्या बायांना आठ आण्यांपलीकडे हिशेब लागेना, आणि एकाच अभ्यासात दोन वयांना दोन मापे लावता येत नाहीत. स्वप्न सोडावे लागले, याची हळहळ अजून आहे.

उत्तर शेवटी तुरीच्या दाण्यांत सापडले. प्रत्येकीपुढे दोन वाट्या ठेवायच्या, डावीकडच्या वाटीत दहा दाणे. विधान ऐकून जितकी खात्री तितके दाणे उजव्या वाटीत टाकायचे. मुळीच खात्री नसेल तर वाटी रिकामी राहू द्यायची. सरावासाठी बँडुरा यांनी वजन उचलण्याचा प्रश्न सुचवला आहे, वाढत्या वजनांचा. मी त्याऐवजी कापसाचे गाठोडे घेतले : पाच किलोचे डोक्यावर घेऊन शेतातून घरी आणाल का, दहाचे, वीसचे, चाळीसचे? दाणे जसजसे कमी होत गेले तसतसा खेळ सगळ्यांच्या ध्यानात आला. एक बाई चाळीस किलोपाशी थांबल्या. चार दाणे हातात घेतले, त्यातला एक परत ठेवला, मग उरलेल्यांपैकी एक दाणा नखाने उलटून पाहिला, तो किडका होता, तो बाजूला टाकून डाव्या वाटीतून एक चांगला उचलला, आणि तीन चांगले दाणे उजव्या वाटीत सोडले. कागदावरच्या रकान्यात खूण करताना इतका विचार करणारे मी आमच्या महाविद्यालयातही पाहिलेले नाहीत.

दाण्यांचा एक फायदा तर मी योजलेलाही नव्हता. अशी उत्तरे एकान्तात घ्यावीत, असे मार्गदर्शनात सांगितलेले असते, आणि आमच्या अंगणात एकान्त नावाची वस्तू नसते. सासू निवडत बसलेली, दीर खाटेवर, शेजारीण कुंपणावरून डोकावणारी. पण दाणे मुठीत येतात आणि वाटीत पडतात. आकडा तोंडाने बोलावा लागत नाही. प्रश्न सगळ्यांना ऐकू जातो, उत्तर फक्त मला दिसते. ‘व्यापाऱ्याने ओलावा जास्त आहे म्हणून भाव पाडला, तर काट्यापाशीच त्याला जाब विचारणे’ या विधानाला एका सुनेने पदराआडून नऊ दाणे टाकले, आणि पलीकडे तिची सासू मला सांगत होती की आमची सून फार भित्री आहे.

याच टप्प्यावर विधाने वाचून ‘मनात काय आले ते बोला’ असे सांगून ऐकण्याचे काम केले, आणि आणखी एक गफलत बाहेर आली. निंबोळ्या वाळवून, कुटून पाच टक्के अर्क घरी तयार करण्याच्या विधानाला एका बाईंनी दोनच दाणे टाकले. त्या दर वर्षी निंबोळ्या गोळा करून विकतात, म्हणून विचारले, तर म्हणाल्या की अर्क काय, अर्ध्या दिवसात होईल, पण त्याने बोंडअळी मरत नाही, मग करून काय उपयोग? म्हणजे दाणे अर्काच्या गुणाला होते, त्यांच्या स्वतःच्या भरवशाला नव्हते. हा फरक बँडुरा यांनी मुळातच करून ठेवलेला आहे : काम माझ्या हातून होईल ही एक अपेक्षा, आणि झाल्यावर त्याचे फळ मिळेल ही दुसरी. परीक्षेत मी तो पाच गुणांसाठी लिहिलेला होता. विधानात ‘अळीसाठी’ हा एक शब्द होता, तो काढल्यावर दाणे वाढले.

फवारणीच्या विधानांबाबत मी जास्त सांभाळून चालले. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. पंप पाठीवर पुरुषांच्या असला तरी पाणी भरून देणे आणि औषधाने भिजलेले कपडे धुणे बायांकडे असते. ‘वारा अंगावर येत असेल तर फवारणी थांबवायला लावणे’ हे विधान मी वाचले की बोलणे थांबायचे. ते श्रेणीत ठेवावे की नाही यावर मी पुष्कळ दिवस घालवले. ठेवले.

तज्ज्ञांचा टप्पा लवकर उरकला, पण एक गोष्ट बोचत राहिली. दहा जणांकडे विधाने पाठवली होती. कृषी विस्तार, मानसशास्त्र, गृहविज्ञान अशा विषयांचे शिक्षक होते. किती तज्ज्ञ विधान आवश्यक मानतात यावरून गुणोत्तर काढण्याचे लॉशे यांचे १९७५ चे सूत्र आहे; त्यानुसार दहा तज्ज्ञ असतील तर ते किमान ०.६२ लागते. दहापैकी आठ जणांनी एखादे विधान आवश्यक ठरवले तर ते ०.६० येते, म्हणजे नऊ जण हवेत. वेचताना कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला, कापूस चांगल्या कापसात मिसळू न देता वेगळा ठेवण्याचे विधान आठांवर अडले. नकार देणाऱ्या दोघांचे म्हणणे, ही मजुरीची सवय आहे, निर्णय नव्हे. किलोवर मजुरी मिळत असताना कवडी वेगळी काढण्यात वेळ घालवायचा की भराभर वेचून कापसाने ओटी भरायची, हा दिवसभर चाललेला निर्णय आहे, आणि बाजारात मालाचा भाव त्यावर ठरतो, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. नियम आधी मान्य करून नंतर सोयीने मोडता येत नाही, म्हणून विधान गेले.

उरलेल्या चौतीस विधानांची चाचणी मार्चनंतर घेतली. वेचणी चालू असताना बाया सकाळी शेतावर जातात त्या दिवेलागणीला परततात, त्यामुळे दिवाळीनंतरचे महिने संशोधकासाठी बंदच असतात. नऊ गावांतल्या दोनशे बारा स्त्रियांची उत्तरे मिळाली; विधानामागे निदान पाच उत्तरे हवीत, या ढोबळ अटीला ती पुरली. पहिल्या हिशेबात क्रॉनबाक यांचा अल्फा, म्हणजे विधाने एकमेकांशी किती मेळ खातात ते सांगणारा आकडा, अपेक्षेहून फार खाली आला. रात्रभर झोप नाही. सकाळी लक्षात आले की सहा उलट, म्हणजे ‘होणार नाही’ अशा नकारार्थी, विधानांचे गुण मी उलटवलेच नव्हते. ते केल्यावर आकडा सुधारला, पण ती सहा विधाने तरीही कुणाशी नाते सांगेनात. कारण साधे होते. ‘हे माझ्याकडून होणार नाही’ या वाक्याला होकार म्हणून दाणे टाकायचे की नकार म्हणून ठेवायचे, हे बायांनाच काय, रात्री दहानंतर मलाही उमगत नव्हते. सहाही काढली. वरून चार विधाने अशी होती की त्यांचा आपसातला संबंध पाहून मी खूश झाले होते, मार्गदर्शक सरांनी ती एका ओळीत वाचून दाखवली आणि विचारले, “हे एकच वाक्य तुम्ही चारदा का लिहिले?” अल्फा फार वर गेला तर तोही संशयास्पद असतो, हे मला त्या प्रश्नाने शिकवले. चारांपैकी एक ठेवले.

कोणती विधाने एका गटात बसतात ते दाखवणाऱ्या घटक विश्लेषणाने मात्र श्रमाचे चीज केले. एकाहून मोठे आयगेनमूल्य (घटकाचे वजन सांगणारा आकडा) असलेले सगळे घटक धरण्याचा कैसर यांचा नियम लावला तर सहा घटक निघत होते, ज्यांतल्या दोघांत जेमतेम दोन-दोन विधाने. यादृच्छिक आकड्यांशी ताडून पाहणाऱ्या हॉर्न यांच्या समांतर विश्लेषणाने तीनच टिकले. पिकाची निगा, पैशाचा हिशेब आणि चारचौघांत उभे राहणे, अशी नावे मी त्यांना दिली. कृषी केंद्रातून फवारणीचे औषध विचारून आणण्याचे विधान मी डोळे झाकून पिकाच्या निगेत घातले होते. ते तिसऱ्या गटात, व्यापाऱ्याला जाब विचारणे आणि ग्रामसभेत बोलणे यांच्या शेजारी जाऊन बसले. मी आकडेमोड पुन्हा तपासली. मग एका ताईंना सहज विचारले, तर त्या म्हणाल्या की औषधाचे नाव पाठ असते, डबा ओळखू येतो, पण दुकानात दहा पुरुष उभे असतात आणि दुकानदार आधी विचारतो, ‘मालक कुठे आहेत?’ माझ्या लेखी ते काम अळीचे होते. त्यांच्या लेखी ते दुकानाच्या पायरीचे होते.

पुनर्चाचणीची वेळ मी चुकवली. दोन आठवड्यांच्या अंतराने तीच श्रेणी त्याच बायांना द्यायची आणि उत्तरे कितपत टिकतात ते पाहायचे, असा रिवाज आहे. पहिली फेरी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घेतली. सरकी टोबून झाली होती, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. मग पावसाने दडी मारली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी परत गेले तेव्हा अंकुर करपले होते आणि घराघरांत दुबार पेरणीच्या बियाण्याचा हिशेब चालू होता. आधी आठ दाणे टाकणारी बाई आता चारावर होती, आणि पैशाच्या हिशेबाच्या विधानांना कित्येक वाट्या रिकाम्याच राहिल्या. सहसंबंध पाहून एका सहकाऱ्याने श्रेणी अविश्वसनीय ठरवली. माझे म्हणणे वेगळे होते : मधल्या काळात वस्तूच बदलली असेल तर तागडीला दोष कसा देणार? पण हे म्हणणे परीक्षकापुढे सिद्ध करायला स्थिर काळातली जोडी हवी. ती पुढच्या फेब्रुवारीत, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडे, उपटून झाल्यावर आणि लग्नसराई सुरू होण्याआधी, दोन आठवड्यांच्या अंतराने घेतली, आणि या वेळी उत्तरे जागेवर राहिली. जून-जुलैची जोडी मी फेकून दिली नाही. ती प्रबंधात वेगळ्या प्रकरणात आहे.

गाळत गाळत आता एकवीस विधाने उरली आहेत. मथळा पाहून उत्तर बदलू नये, यासाठी कागदावर नुसते ‘शेतीकामाची विचारपूस’ असे लिहिलेले आहे. तीन घटकांची ही रचना नव्या स्त्रियांच्या उत्तरांवर टिकते का, हे पाहण्यासाठी कळंब आणि घाटंजी तालुक्यांत फिरायचे बाकी आहे, पण बोंडे फुटली आहेत आणि शेवटचा वेचा होईपर्यंत कोणाला वाटीपुढे बसायला सवड नाही. जुन्या दाण्यांना भुंगा लागला आहे. तोवर नवी तूर येईल.